बाटलीवरचा बाराचा आकडा

आठवीत गेलेला मुलगा आईपेक्षा चार बोटं उंच झालेला असतो. बापाची चप्पल त्याच्या पायात बसते. त्याला रात्री खोकल्याची ढास लागली, की घरात वाद सुरू होतो: कपाटातल्या बाटलीतलं औषध याला मोठ्यांएवढं द्यायचं की लहानांएवढं? आजी म्हणते, अर्धंच दे. बाप म्हणतो, अर्ध्यानं याचं काय होणार, माझ्याएवढा झालाय. निवाडा करायला बाटली उजेडात धरावी, तर आपल्याकडच्या कित्येक बाटल्यांवर 'डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार' एवढंच असतं. तेही इंग्रजीत आणि भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत.

उत्तर मात्र अगदीच गूढ नाही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या खोकल्याच्या बहुतेक औषधांवर 'मोठी माणसं आणि 12 वर्षांवरील मुलं' असा एकच गट छापलेला असतो. बारा पूर्ण झाली की मोठ्यांचा डोस. आपले डॉक्टरही साधारण हीच रेघ धरतात. घाईत असलेल्यांना एवढं पुरेल. पण ही रेघ आली कुठून हे कळलं, की तिच्यावर किती भिस्त ठेवायची तेही कळतं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सत्तरच्या दशकात सर्दी-खोकल्याच्या खुल्या विक्रीच्या औषधांची छाननी करायला तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचा अहवाल 1976 साली आला. मुलांवर केलेल्या चाचण्या समितीपुढे जवळजवळ नव्हत्याच. मग समितीने हिशेब सोपा केला: 12 वर्षांपुढे पूर्ण डोस, 6 ते 12 वर्षांना त्याच्या निम्मा, 2 ते 6 वर्षांना पाव आणि दोनच्या आतल्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नाही. कोरड्या खोकल्यावरचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन घ्या. मोठ्यांना दर चार तासांनी 10 ते 20 मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त 120. सहा ते बारा वर्षांना 5 ते 10, दिवसाला 60. त्याखालच्यांना अडीच ते पाच, दिवसाला 30. कफ पातळ करण्यासाठी देतात त्या ग्वायफेनेसिनचंही तेच: दिवसाची कमाल मर्यादा 2400, मग 1200, मग 600. सगळीकडे एकाला दोनाने भागलेलं. या वयाच्या मुलांना या प्रमाणात औषध देऊन पाहिलं आणि गुण आला, असं त्यामागे काही नव्हतं. मोठ्यांच्या डोसाचे तुकडे पाडून ते मुलांना वाटले, इतकंच.

फार्मसी आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मुलांचा डोस काढायची जुनी सूत्रं शिकवतात. त्यांतलं यंगचं सूत्र असं: मुलाच्या वयाला, वय अधिक 12 या बेरजेने भागायचं आणि आलेल्या अपूर्णांकाने मोठ्यांचा डोस गुणायचा. बारा वर्षांच्या मुलासाठी करून बघा. बारा भागिले चोवीस, म्हणजे निम्मा डोस! डिलिंगच्या सूत्रात वयाला वीसने भागतात. तिथे बारा वर्षांच्या मुलाला साठ टक्के मिळतात. म्हणजे वर्गात शिकवलेलं सूत्र 'निम्मा' म्हणतं आणि परदेशी बाटलीवरचं लेबल 'पूर्ण'. आजी आणि बाप यांच्यातलं भांडण शास्त्राच्या पुस्तकांतही आहे, आणि आजीची बाजू वाटते तितकी लंगडी नाही.

मग बाराची रेघ चालते कशी? कारण ही औषधं बरीच सोशिक आहेत. दहा ते वीस मिलिग्रॅम असा पट्टाच दिलेला असतो, तेव्हा त्यात बारीक चणीचा सातवीतला मुलगाही बसतो आणि ऐंशी किलोचा बापही. बापाला दहा दिलं तरी चालतं, म्हणून मुलाला दहा देणं म्हणजे 'मोठ्यांचा डोस' देणंच असतं, फक्त खालच्या टोकाचा. बाराव्या वाढदिवसाला शरीरात काही उलथापालथ होते म्हणून ती रेघ आखलेली नाही. यकृत आणि मूत्रपिंडं त्याच्या पुष्कळ आधी कामाला लागलेली असतात. उलट तान्हेपण ओलांडलेल्या लहान मुलांचं यकृत काही औषधं किलोमागे मोठ्यांपेक्षाही भराभर निकाली काढतं. नवजात बाळात नेमकं याच्या उलट असतं. वयाची रेघ सोयीची आहे, कारण वय सगळ्यांना ठाऊक असतं. मुलाचं आजचं वजन मात्र दहातल्या आठ घरांत कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

आपल्याकडे घोळ आहे तो या वजनापाशी. बाराव्या वर्षी मूल साधारण 35 ते 40 किलोचं असावं अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात 26-28 किलोचं बारा वर्षांचं मूल आपल्या शाळांमध्ये शोधावं लागत नाही, आणि त्याच बाकावर 60 किलोचंही असतं. म्हणून परदेशी लेबलावरचे 'बारा' इथे जसेच्या तसे उचलताना मी तरी त्याला वजनाची जोड देईन: बारा वर्षं पूर्ण आणि वजन चाळीसच्या आसपास, तर मोठ्यांचा डोस, तोही खालच्या टोकापासून. वय भरलं पण वजन तिशीतच आहे, तर डॉक्टरांना विचारूनच. आणि दहा वर्षांचं मूल पन्नास किलोचं असलं म्हणून त्याला बढती द्यायची नाही. जास्तीचं वजन चरबीचं असतं आणि सगळी औषधं चरबीच्या हिशेबाने वागत नाहीत.

तापावरच्या पॅरासिटामॉलमध्ये हा वजनाचा मुद्दा सर्वांत स्वच्छ दिसतो. ते इथे आणण्याचं कारण म्हणजे सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच मिश्रणांत ते घातलेलं असतं. मुलांसाठी त्याचा हिशेब किलोमागे 15 मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने. तीस किलोच्या मुलाला एका वेळी 450 झाले. पाचशेची एक गोळी त्याला जवळपास बरोबर बसते. मोठी माणसं कधी कधी एका वेळी दोन गोळ्या, म्हणजे हजार मिलिग्रॅम घेतात. तेवढं या मुलाला दिलं तर किलोमागे 33 होतात, दुपटीहून जास्त. आणि पॅरासिटामॉल सोशिक नाही. जादा झालं तर यकृत निकामी करतं, आणि पहिल्या दिवशी फारशी लक्षणंही दाखवत नाही. ब्रिटनमध्ये या गोळ्यांच्या पाकिटावर 10 ते 15 वर्षांसाठी एक आणि 16 नंतर एक किंवा दोन असं लिहितात. म्हणजे तिथेही एकाच दुकानात खोकल्याच्या औषधासाठी मोठेपण बाराव्या वर्षी येतं आणि तापाच्या गोळीसाठी सोळाव्या.

कोडीनसाठी ते त्याहून उशिरा येतं. कोडीन हे अफूच्या कुळातलं, खोकला दाबणारं औषध. पोटात गेल्यावर यकृतातलं एक एन्झाइम त्याच्या काही भागाचं मॉर्फिन करतं. काही माणसांत हे एन्झाइम जन्मतःच अतिउत्साही असतं. नेहमीच्या डोसातूनही त्यांच्या रक्तात मॉर्फिनचा पूर येतो आणि श्वास मंदावतो. कोण तसा आहे, हे बाहेरून कळत नाही. अमेरिकेने 2017 मध्ये बाराच्या आतल्या मुलांसाठी कोडीन वर्ज्य ठरवलं आणि 2018 मध्ये अफूवर्गीय खोकल्याची औषधं अठराच्या आत कुणालाच नकोत अशी भूमिका घेतली. भारतात कोडीन एच-1 या कडक यादीत आहे. त्याची विक्री चिठ्ठीवरच व्हायला हवी आणि दुकानदाराने वहीत नोंद ठेवायला हवी. नशेसाठी या बाटल्यांचा बाजार किती मोठा आहे, हे पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नको. तेव्हा लेबलावर कोडीन दिसलं, तर उंचीने बापाला गाठलेल्या पोरालाही ते घरच्या निर्णयाने द्यायचं नाही.

आता 'चिठ्ठीशिवाय' या गोष्टीबद्दलच थोडं. आपल्या कायद्यात खुल्या विक्रीच्या औषधांचा असा वेगळा, नीट आखलेला वर्गच नाही. डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे चिठ्ठीच्या औषधांच्या एच यादीत आहे. ॲलर्जीवरच्या, गुंगी आणणाऱ्या औषधांच्या बाटलीवर 'वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं' अशी सूचना छापावी लागते. व्यवहारात मात्र मेडिकलच्या काउंटरवर 'कोरडा की कफाचा?' एवढा प्रश्न होतो आणि बाटली हातात पडते. परदेशात चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी देताना निदान वयानुसार तक्ता छापायला लावतात. आपल्याकडे कायदा म्हणतो डॉक्टर सांगतील, डॉक्टर तर समोर नाहीत, आणि तक्ताही नाही. मला विचाराल तर मधल्या मध्ये डोस ठरवणारा माणूस म्हणजे काउंटरमागचा मुलगा. तो फार्मासिस्ट असेलच असं नाही.

तक्ता नसला तरी घटकांची यादी असते. ती वाचायची सवय लावता येते. 'दर 5 मिलिलिटरमध्ये' असं लिहून खाली दोन, तीन, कधी चार नावं आणि त्यांचे मिलिग्रॅम दिलेले असतात. सगळा खेळ तिथे आहे. एका कंपनीच्या 5 मिलिलिटरमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन 10 असतं, दुसरीच्या 15. त्यामुळे 'गेल्या वेळी दोन झाकणं दिली होती' हा अनुभव नव्या बाटलीला लागू पडत नाही. क्लोरफेनिरामिन दिसलं तर गुंगी येणार हे धरून चाला. काही मुलं मात्र त्याने झोपण्याऐवजी पिसाळल्यासारखी नाचतात. टर्ब्युटालिन किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल दिसलं तर ते दम्याच्या घराण्यातलं, श्वासनळ्या रुंदावणारं औषध आहे. त्याने हात थरथरतात, छाती धडधडते, आणि साध्या खोकल्याला त्याची गरजही नसते. बाराची रेघ या औषधांसाठी आखलेलीच नाही. ब्रोमहेक्सिन किंवा ॲम्ब्रॉक्सॉल दिसलं तर ते आपल्या अडुळशाचं लांबचं नातलग समजा: अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन घडवलं गेलं आणि त्यापासून पुढे ॲम्ब्रॉक्सॉल. परसातल्या झुडपाने जर्मनीच्या प्रयोगशाळेतून फिरून मेडिकलच्या फळीवर यावं, याची मला उगीचच गंमत वाटते. आणि फेनिलेफ्रिन हे चोंदलेल्या नाकासाठी घालतात. पण तोंडावाटे घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा उपयोग होत नाही, असं अमेरिकेतल्या सल्लागार समितीने 2023 मध्ये एकमताने सांगितलं.

यादी वाचायचं आणखी एक कारण आहे. घरात खोकल्याची बाटली वेगळी, सर्दीची गोळी वेगळी आणि तापाचं औषध वेगळं असतं. प्रत्येकाचा डोस आपापल्या जागी बरोबर. पण तिन्हींत पॅरासिटामॉल असलं तर मुलाला ते तिप्पट जातं, आणि देणाऱ्याला पत्ताही नसतो. मोठ्यांचा डोस मिळू लागलेल्या वयात हा धोका वाढतोच, कारण चौदा वर्षांची मुलं स्वतःच कपाट उघडून औषध घेतात. नैराश्यासाठी गोळ्या चालू असलेल्या मुलामुलींना डेक्स्ट्रोमेथॉर्फन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. काही गोळ्यांशी त्याचं वैर आहे आणि त्यातून जिवावरचं दुखणं उद्भवू शकतं.

मापाचं सांगायचं तर घरातला चमचा हे माप नाही. एका घरातला चहाचा चमचा तीन मिलिलिटरचा, दुसऱ्या घरातला सहाचा. आणि 'टी' व 'टेबल' यांत गल्लत झाली की पाचाचे पंधरा होतात. बाटलीच्या झाकणावर किंवा सोबतच्या कपावर खुणा असतात, त्याच वापरायच्या. तेही हरवलं असेल तर मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणावी, काही रुपयांत मिळते.

धाकट्यांकडे वळलं की प्रश्न 'किती' असा राहतच नाही, 'द्यायचं का' असा होतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी 2007 मध्ये सरकारकडे दाद मागितली, की पाव डोसाच्या या हिशेबाला पुरावा काय? पुरावा निघाला नाही. कंपन्यांनी तान्ह्या मुलांची औषधं बाजारातून काढून घेतली. 2008 च्या सुरुवातीला सरकारने दोन वर्षांच्या आत ही औषधं देऊ नका असं बजावलं आणि त्याच वर्षी कंपन्यांनी आपणहून लेबलावर 'चारच्या आत नको' असं छापलं. तान्ह्यांची औषधं काढून घेतल्यानंतरच्या चौदा महिन्यांत सर्दी-खोकल्याच्या औषधांमुळे दवाखान्याच्या तातडीच्या विभागात आणल्या जाणाऱ्या दोन वर्षांखालच्या मुलांची संख्या निम्म्याहून खाली आली. ब्रिटनने 2009 मध्ये आणखी कडक होऊन सहाची रेघ आखली. त्या काळातल्या अमेरिकी नोंदींत आणखी एक गोष्ट दिसते: बाराच्या आतली जी मुलं या औषधांमुळे तातडीच्या विभागात आली, त्यांतल्या दोन तृतीयांशांनी बाटली स्वतःच उघडून प्यायली होती. गोड, रंगीत, सरबतासारखं लागतं ना. बाटली किती उंचावर ठेवली आहे, हा डोसाइतकाच मोठा प्रश्न आहे.

भारतात क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये अशी सूचना लेबलवर छापण्याचा आदेश औषध महानियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढला. मग आला 2025 चा ऑक्टोबर. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली, मुख्यतः परासिया भागातली लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत दाखल होत होती. वीसहून अधिक मुलं गेली. त्यांना दिलेल्या कोल्डरिफ या औषधाच्या एका बॅचमध्ये तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. चालून जाणारी मर्यादा 0.1 टक्का आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचचा वापर थांबवण्याचा इशारा दिला. मुंबईकरांना हे विष नवं नाही: 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरिनने चौदा रुग्णांचा बळी घेतला होता आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला होता.

इथे गल्लत नको. छिंदवाड्याची मुलं डोस चुकल्याने गेली नाहीत. बाटलीत विष असलं तर अचूक मोजलेला चमचाही वाचवत नाही, आणि तो दोष आईबापांचा नाही, कारखान्याचा आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्यांचा आहे. पण त्या कोल्डरिफच्या लेबलवरचे घटक कोणते होते? पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन. चारच्या आत देऊ नका असं ज्याबद्दल सांगून झालं होतं, तेच मिश्रण. गरज नसलेलं औषध दिलं नसतं, तर त्यातल्या विषाची गाठही पडली नसती. त्याच आठवड्यात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सगळ्या राज्यांना कळवलं, की सर्दी-खोकल्याची औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना लिहून देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली सहसा शिफारस करू नये.

मोठ्या मुलांनाही या औषधांनी किती फरक पडतो, याचं उत्तर फारसं उत्साहाचं नाही. अचानक झालेल्या खोकल्यावर चिठ्ठीशिवायच्या औषधांचा उपयोग होतो याचा भक्कम पुरावा आजवरच्या आढाव्यांत मिळालेला नाही. पेनसिल्व्हेनियातल्या 2007 च्या एका अभ्यासात 105 मुलांना रात्री झोपताना मध, डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा काहीच नाही असं वाटून दिलं. आईबापांनी दिलेल्या गुणांत मध पुढे राहिला. आजीचा आणखी एक मुद्दा सरस ठरला म्हणायचा. अट एकच: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, चाटणातूनही नाही. त्यात क्वचित बॉट्युलिझमचे जंतुबीज असतात आणि बाळाच्या आतड्यात ते रुजतात.

शिवाय खोकला आपल्या अपेक्षेपेक्षा चिवट असतो. सर्दीनंतरचा खोकला निम्म्या मुलांत दहाएक दिवसांत जातो, पण दहातल्या नऊ मुलांचा जायला 25 दिवस लागतात. पाचव्या दिवशी औषध बदलणाऱ्या आईबापांचा धीर सुटलेला असतो, औषध हरलेलं नसतं. मात्र दोन आठवड्यांहून जास्त खोकला, सोबत ताप किंवा वजन घटणं असेल तर क्षयाची तपासणी करून घ्यायला हवी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. शेंगदाणा किंवा फुटाणा खाताना ठसका लागून सुरू झालेला खोकला, दर रात्री येणारा आणि घरघर असलेला खोकला, रक्त पडणं, ओठ निळे होणं, श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जाणं, यांपैकी काहीही असलं तर बाटली बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. शांत असलेल्या मुलाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजा: दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले तर ते न्यूमोनियाचं लक्षण धरतात.

आणि डोस चुकून जादा गेलाच, किंवा पोराने बाटली तोंडाला लावलीच, तर मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवू नका. मूल गुंगीत असेल तर ती उलटी श्वासनळीत जाते. लक्षणं दिसायची वाट बघत थांबू नका, पॅरासिटामॉल असेल तर मुळीच नाही. किती प्यायलं, किती वाजता प्यायलं आणि मुलाचं वजन किती, हे कागदावर लिहा आणि उरलेल्या औषधासकट ती बाटली घेऊन जवळच्या रुग्णालयात जा. डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतील.